पत आणि लौकिक : तेलाच्या राज्याची एक कादंबरी

मराठीत 'पत' आणि 'लौकिक' हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत बरेच अंतर आहे. पत सावकाराच्या वहीत असते, लौकिक चारचौघांच्या तोंडी असतो. ज्याची कोठारे भरलेली आहेत त्याची पत बाजारात आपोआप वाढते. परंतु त्याचा लौकिक काय हे जाणून घ्यावयाचे झाल्यास त्याच्या घरच्या माणसांची, गड्यांची आणि दारी येऊन गेलेल्या पाहुण्यांची साक्ष काढावी लागते. राष्ट्रांच्या परस्परसंबंधांचा विचार करतानाही हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे, असे आम्हांस वाटते. सौदी अरेबियाच्या राज्याविषयी तर तो विशेषच ध्यानात ठेवला पाहिजे. या राज्याची पत जगात कशी वाढली याचा हिशेब वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळतो. त्याच्या लौकिकाचा हिशेब मांडणारे साहित्य मात्र थोडे; आणि जे आहे त्यात अब्दुल रहमान मुनीफ यांच्या 'मुदुन अल्-मिल्ह', म्हणजे 'मिठाची शहरे', या पाच खंडांच्या अरबी कादंबरीचे स्थान फार वरचे आहे. तिचा परिचय करून द्यावा आणि तिच्या गुणदोषांची चर्चा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांचा दिवस टिपणे, मसुदे आणि पत्रव्यवहार यांत जातो. दोन सरकारांच्या संयुक्त निवेदनाची भाषा त्यांना परकी नाही. 'सौहार्दाचे वातावरण', 'परस्परहिताचे विषय', 'उत्तरोत्तर दृढ होणारे संबंध' हे शब्दप्रयोग आम्हांसही इतके परिचयाचे झाले आहेत की, निवेदन वाचण्यापूर्वीच ते कोठे येणार हे सांगता यावे. ही भाषा खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. राज्यकारभारास तिची गरज आहे आणि एखादा शब्द चुकीच्या जागी पडला तर काय अनर्थ होतो हेही आम्ही जाणतो. परंतु ती भाषा अपुरी असते. तिच्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता सरकार असते. करार कोणाच्या जमिनीवर अमलात आला, त्या जमिनीवरची झाडे कोणी लावली होती आणि ती तोडली गेली तेव्हा कोण कोठे गेले, हे नोंदविण्यास तिच्यात रकानाच नसतो. मुनीफ यांची कादंबरी त्या रकान्यासाठी लिहिली गेली आहे.

लेखकाचे चरित्र येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याचा कादंबरीशी निकटचा संबंध आहे. मुनीफ यांचा जन्म १९३३ साली अम्मान येथे झाला; वडील सौदी, आई इराकी. त्याच वर्षी, मे महिन्याच्या २९ तारखेस, राजा अब्दुल अझीझ इब्न सौद यांच्या सरकारने कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑईल कंपनीस तेल शोधण्याचा ६० वर्षांचा मक्ता दिला होता. मुनीफ यांचे शिक्षण बगदाद व कैरो येथे झाले आणि पुढे बेलग्रेडच्या विद्यापीठातून त्यांनी तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. तेलाच्या व्यवसायात त्यांनी नोकरी केली, बगदादेत तेलविषयक एका नियतकालिकाचे संपादनही केले. म्हणजे पिंप, भाव आणि मक्ता यांची परिभाषा त्यांना चांगली अवगत होती. १९६३ साली राजकीय मतांपायी त्यांचे सौदी नागरिकत्व काढून घेण्यात आले. कादंबरीचा पहिला खंड १९८४ मध्ये आणि शेवटचा १९८९ मध्ये निघाला. सौदी अरेबियात तिच्यावर बंदी आली. २००४ साली दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. पाचांपैकी पहिले तीन खंड पीटर थेरू यांनी इंग्रजीत आणले आहेत आणि आमचे विवेचन त्या भाषांतराच्या आधारे आहे.

पहिल्या खंडाचा आरंभ वादी अल्-उयून या मरूद्यानात होतो. भोवती वाळवंट, मध्ये झरे आणि खजुरीची दाट राई. तांड्यांनी येथे विसावावे, पाणी भरावे आणि पुढे जावे, असा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. एके दिवशी तेथे काही अमेरिकन येतात. ते पाण्याच्या शोधात आहेत अशी लोकांची समजूत करून देण्यात येते. ते अरबी बोलतात, चालीरीतींची चौकशी करतात आणि रात्रंदिवस काहीतरी लिहून घेतात. मितेब अल्-हथाल या मानी पुरुषास त्यांचा प्रथमपासून संशय येतो. तो अमिराकडे गाऱ्हाणे घेऊन जातो, तेव्हा त्यास सांगण्यात येते की, तुमच्या पायांखाली तेलाचे समुद्र आहेत आणि हे परके लोक तुमचे भाग्य उघडण्यास आले आहेत. पुढे यंत्रे येतात आणि राईतील झाडे एकामागून एक उपटली जातात. मितेब ते पाहतो, आपल्या सांडणीवर बसतो आणि वाळवंटात निघून जातो. त्याची पत्नी वधा हिची वाचा जाते. मुलगा फवाज मोठा होऊन त्याच कंपनीत मजुरी करण्यास हर्रान या बंदराच्या गावी जातो.

वादी उठविली जाते तो भाग वाचताना परप्रांतात राहणाऱ्या वाचकाचे मन हलल्यावाचून राहणार नाही. परंतु त्याचे आणि वादीतील लोकांचे दुःख एक आहे असे मानणे बरोबर होणार नाही. बदलीच्या हुकमाने आम्ही गाव सोडतो, पण गाव आपल्या जागी असते. दिवाळीस जाता येते, पाराखाली बसता येते, निदान तशी आशा बाळगता येते. वादीच्या लोकांना परत जाण्यास जागाच उरली नाही. मुनीफ यांनी हे आक्रोश न करता, साध्या निवेदनाने सांगितले आहे आणि म्हणूनच ते मनाला भिडते.

या खंडाचे इंग्रजी भाषांतर निघाल्यावर १९८८ साली अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाईक यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये त्याचे परीक्षण केले. त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ असा की, ज्याला आम्ही कादंबरी म्हणतो तसे हे पुस्तक नाही. यात एका व्यक्तीच्या अंतःकरणाचा प्रवास नाही, एखाद्या गावगप्पा सांगणाऱ्याचा सूर आहे. त्यावर अमिताभ घोष यांनी १९९२ सालच्या आपल्या एका लेखात वेगळा विचार मांडला. तेलाने साऱ्या जगाचे जीवन बदलले, तरी त्या घडामोडीतून मोठे साहित्य का निर्माण झाले नाही, असा त्यांचा प्रश्न होता. आणि मुनीफ यांनी ती उणीव भरून काढण्याचे धाडस केले याचे श्रेय त्यांनी दिले.

अपडाईक यांचा आक्षेप मराठी वाचकास तरी पटू नये. १९५५ साली प्रसिद्ध झालेली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्याने वाचली आहे, त्याला गाव हाच कादंबरीचा नायक असू शकतो हे निराळे शिकविण्याचे कारण नाही. माणदेशातील त्या धनगरांच्या वस्तीची कथा दुष्काळात वस्ती उजाड होण्यापर्यंत येते, आणि तोवर वाचकास एका माणसाचे नव्हे, वस्तीचे मरण पाहिल्यासारखे वाटते. मुनीफ यांचे तंत्र याच जातीचे आहे. मितेब निघून गेल्यावर कथा त्याच्यामागे जात नाही, ती गावाबरोबर राहते. आणि मितेब दंतकथा होऊन, पावसाळी रात्री कोणाला दिसला, कोणाला भासला, अशा वार्तांच्या रूपाने परत येतो. दोन्ही कादंबऱ्यांत एक भेद मात्र मोठा आहे. बनगरवाडीवरचे संकट आभाळातून येते, त्याला जाब विचारता येत नाही. वादीवरचे संकट एका सहीतून आले आहे. सही करणारा कोण आणि ती कोणाच्या नावाने झाली, हा प्रश्न कादंबरीत अखेरपर्यंत जागा राहतो.

परराष्ट्रसंबंध म्हणजे काय, हे हर्रानच्या भागात जसे प्रत्ययास येते तसे राजकारणावरील ग्रंथांत क्वचितच येत असेल. मच्छीमारांचे ते लहानसे गाव. तेथे दोन शहरे उभी राहतात. एक अमेरिकन हर्रान, त्यात थंड हवेची घरे आणि पोहण्याचे तलाव. दुसरे अरब हर्रान, त्यात पत्र्याच्या बराकी. मधे काटेरी तार. इब्न रशीद हा माणसे पुरविणारा मुकादम खेडोपाडी फिरून कंपनीसाठी मजूर गोळा करतो आणि नोकरीच्या पहिल्याच दिवसांत त्यांचे उंट स्वस्तात काढून घेतो. उंट गेला की परत जाण्याची वाट बंद झाली, हे त्याला बरोबर ठाऊक आहे.

या गावावर नेमलेला अमीर खालेद हे मुनीफ यांचे सर्वांत यशस्वी पात्र होय. त्याला एक व्यापारी दुर्बीण नजर करतो. समुद्रावरील परक्यांची जहाजे आणि त्यांवरील बायका तो दुर्बिणीतून तासन् तास पाहत बसतो. पुढे रेडिओ येतो, मग टेलिफोन येतो. प्रत्येक वस्तूबरोबर अमीर लांबच्या जगाच्या जवळ आणि आपल्या गावापासून दूर जातो. गरिबांना मोबदला न घेता औषध देणाऱ्या मुफद्दी या गावठी वैद्याचा खून होतो, कंपनी मजुरांना कामावरून काढते, संप पेटतो, गोळी चालते; त्या वेळी अमिराला काही ऐकू येण्याच्या पलीकडची अवस्था झालेली असते. वेडा होऊन तो हर्रान सोडतो. मुनीफ यांनी त्याला दुष्ट केलेले नाही. तो जिज्ञासू आहे, पोरकट आहे, कधीकधी त्याची कीवही येते. राज्याने परक्यांशी संबंध जोडणे यात वावगे काही नाही. मात्र तो संबंध जोडताना घरच्यांचे ऐकण्याची सवय सुटते, तेव्हा लौकिकाला पहिली चीर पडते, हे अमीर खालेदच्या रूपाने लेखकाने दाखविले आहे.

हा संप केवळ कल्पनेतील आहे असे कोणी समजू नये. अराम्कोच्या तेलक्षेत्रात १९५३ च्या ऑक्टोबरात सुमारे १३,००० कामगारांनी संप केला होता; १९५६ साली पुन्हा अशांतता झाली, तेव्हा राजाज्ञेने संपावरच बंदी घालण्यात आली. याच सुमारास कंपनीने आपला इतिहास लिहिण्याचे काम वॉलेस स्टेग्नर या नामांकित अमेरिकन लेखकाकडे मोबदला देऊन सोपविले होते. त्यांनी तो लिहून दिला, परंतु कंपनीने तो दहा वर्षांहून अधिक काळ बाजूस ठेवला. पुस्तकरूपाने तो निघाला १९७१ साली, बैरूत येथून. लौकिक विकत घेण्याच्या प्रयत्नाचे याहून बोलके उदाहरण आम्हांस माहीत नाही. पैसे देऊन लिहून घेतलेली स्तुतीसुद्धा छापण्याचे धैर्य वेळेवर झाले नाही. आणि ज्याचे नागरिकत्व काढून घेतले त्याने न मागता लिहिलेली साक्ष मात्र जगभर गेली.

आता कादंबरीच्या दोषांकडे वळणे प्राप्त आहे. पहिल्या खंडात जी समज आहे ती पुढील खंडांत टिकत नाही. तेथे कथा मूरान या काल्पनिक सल्तनतीच्या राजवाड्यात जाते. खजाएल आणि फनार या सुलतानांत राजा सौद आणि राजा फैसल यांच्या छाया ओळखू येतात. परंतु राजवाड्यात शिरताच मुनीफ यांची लेखणी उपहासाकडे झुकते. दरबारी माणसे लोभी, आळशी आणि भित्री एवढीच उरतात. ज्या सहानुभूतीने अमीर खालेद उभा राहिला ती राजांच्या वाट्यास येत नाही, आणि त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न सुटून जातो. हे राज्य परक्यांच्या हातातील बाहुले असते तर इतकी वर्षे टिकले असते काय?

इतिहास पाहता तसे दिसत नाही. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी सुएझ कालव्याच्या ग्रेट बिटर लेकमध्ये 'क्विन्सी' या युद्धनौकेवर राजा अब्दुल अझीझ यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट घेतली, तेव्हा पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर त्यांनी आपला शब्द मुळीच फिरविला नाही. १९५० च्या अखेरीस नफ्याचा निम्मा वाटा या राज्याने कंपनीकडून मिळविला. १९७३ च्या ऑक्टोबरात राजा फैसल यांनी इतर अरब राष्ट्रांसह तेलबंदी पुकारली आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. १९८० पर्यंत अराम्कोची संपूर्ण मालकी राज्याकडे आली. यातील कोणतीही गोष्ट बावळट राजांच्या हातून होण्यासारखी नाही. अमेरिकेचे संरक्षण घ्यावे आणि तिच्याशी भावाची घासाघीसही करावी, इराणशी वैर धरावे आणि १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये त्याच्याशी समेटही करावा, ही चतुराई मुनीफ यांच्या चित्रात उतरलेली नाही. राजवटीवर राग धरण्याचा हक्क त्यांना होता. पण राग कलावंताला एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतो.

दुसरी उणीव आम्हां भारतीयांना अधिक जाणवणारी आहे. तेलाची ही शहरे उभी राहिली ती अरब मजुरांच्याच श्रमावर नव्हे. भारत, पाकिस्तान, फिलिपीन्स आणि इतर कित्येक देशांतील माणसे तेथे राबली. आज सौदी अरेबियात २० लाखांहून अधिक भारतीय आहेत. मुंबईच्या बंदरातून हाजची जहाजे १९९५ पर्यंत जेद्दास जात होती. पुढे यात्रेकरूंप्रमाणे कामकरीही विमानाने जाऊ लागले, आणि कोकणातील किती घरे आखाताच्या पैशावर उभी आहेत हे रत्नागिरीकडच्या वाचकांना सांगावयास नको. या माणसांना मुनीफ यांच्या इंग्रजीत आलेल्या खंडांत जवळजवळ जागा नाही. ती साक्ष मल्याळम् भाषेने दिली. बेन्यामिन यांच्या २००८ मधील 'आडुजीवितम्' या कादंबरीचा नायक नजीब नोकरीच्या आशेने रियाधच्या विमानतळावर उतरतो, एका अनोळखी माणसास आपला मालक समजून त्याच्या गाडीत बसतो आणि वाळवंटात शेळ्यांच्या कळपामागे तीन वर्षांहून अधिक काळ गुलामासारखा जगतो. मुनीफ यांच्या हर्रानमध्ये उंट काढून घेतला की मजूर अडकतो. बेन्यामिन यांच्या वाळवंटात मालकाच्या मर्जीवर तो अडकतो. दोन कादंबऱ्यांमध्ये २४ वर्षांचे अंतर आहे, मुकादमाची युक्ती मात्र तीच आहे.

येथे संयुक्त निवेदनांकडे पुन्हा वळावे लागते. १९५५ च्या अखेरीस राजा सौद भारतात आले, १९५६ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू सौदी अरेबियास गेले. १९८२ साली इंदिरा गांधींची भेट झाली. त्यानंतर भारताच्या पंतप्रधानांनी त्या देशात पाऊल ठेवले ते २०१० साली, म्हणजे २८ वर्षांनी. मध्यंतरी २००६ च्या प्रजासत्ताकदिनास राजा अब्दुल्ला प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीस आले आणि दिल्ली जाहीरनामा निघाला. २०१९ मध्ये दोन्ही देशांची सामरिक भागीदारी परिषद स्थापन झाली. आम्हांला तेल हवे, त्यांना ग्राहक हवा, आमच्या माणसांना काम हवे. या संबंधांत लाजण्यासारखे काही नाही. तथापि, या साऱ्या कागदपत्रांच्या शेजारी 'आडुजीवितम्'ची एक प्रत ठेवलेली असावी, असे आम्हांस वाटते. संबंध दृढ झाले की नाही हे नजीबसारख्या माणसाला विचारल्याशिवाय ठरविता येणार नाही.

लौकिकाच्या बाबतीत राज्याने स्वतः कोणता मार्ग धरला, हेही पाहण्यासारखे आहे. १९८० साली 'डेथ ऑफ अ प्रिन्सेस' हा चित्रपट ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला, तेव्हा संतापून ब्रिटनच्या राजदूतास देश सोडण्यास सांगण्यात आले. परिणाम असा झाला की, एरवी ज्यांनी तो पाहिला नसता त्यांनीही त्याची चर्चा केली. २ ऑक्टोबर २०१८ रोजी जमाल खशोगी या सौदी पत्रकाराची इस्तंबूलमधील सौदी वकिलातीत हत्या झाली. आरंभी सर्व नाकारण्यात आले, मग मान्य करण्यात आले. जगाने संताप व्यक्त केला. परंतु तेलाचे भाव चढताच २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बायडन जेद्दास गेले. पत शाबूत होती. गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधील न्यूकॅसलचा फुटबॉल संघ, गोल्फचे सामने आणि २०३४ च्या विश्वचषक फुटबॉलचे यजमानपद या मार्गांनी राज्य जगाच्या नजरेत नव्याने येत आहे.

या सगळ्यास निव्वळ देखावा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. २०१८ साली तेथील स्त्रियांना मोटार चालविण्याची परवानगी मिळाली, त्याच वर्षी चित्रपटगृहे पुन्हा उघडली. ज्या तरुण स्त्रीने प्रथमच आपली मोटार रस्त्यावर आणली तिच्या आनंदाला देखावा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण त्याच काळात तो हक्क मागणाऱ्या काही स्त्रियांना अटक झाली, हेही विसरता येत नाही. हक्क देताना तो मागणाऱ्याचे तोंड बंद करणे, ही रीत अमीर खालेदच्या दुर्बिणीशी नाते सांगणारी आहे. दूरचे प्रेक्षक दिसतात, दारातली माणसे दिसत नाहीत.

'मिठाची शहरे' या नावाचा अर्थ लेखकाने मुलाखतींतून सांगितला आहे तो असा की, पाण्याचा पहिला लोट येताच विरघळून जातील अशी ही शहरे आहेत. ते भाकीत अद्याप खरे ठरलेले नाही. रियाध आणि जेद्दा उभी आहेत, वाढतही आहेत. भाकीत म्हणून कादंबरी वाचणाऱ्याची येथे निराशा होईल. परंतु साक्ष म्हणून तिचे मोल कमी होत नाही. लेखकाचे नागरिकत्व गेले, पुस्तकावर बंदी आली, तरी त्या राज्याच्या आरंभाची कथा सांगावयाची झाली की मक्त्याच्या कागदाबरोबर मितेब अल्-हथालचे नाव निघते, आणि तो मितेब मुळी कधी जन्मलाच नव्हता. एखाद्या मोठ्या राज्याला आपल्या लौकिकासाठी झगडावे लागते ते एका कल्पित माणसाशी, ही कादंबरीच्या सामर्थ्याची पावती होय. पहिला खंड प्रत्येकाने वाचावा. पुढील खंड राजकारणाची आवड असणाऱ्यांनी, वर सांगितलेले दोष ध्यानात ठेवून, वाचावेत. आणि ज्यांच्या हातून उद्या एखादा मसुदा जाणार आहे त्यांनी तो तयार करताना, हा करार कोणाच्या झाडांवरून जाणार आहे, एवढे एकदा स्वतःस विचारले, तरी मुनीफ यांचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही.